नेरिसने आमची गाडी नापास केली

प्रिय एलुनेडताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? कार्डिफच्या डॉक्टरने दिलेल्या गोळ्या घेतेस, की अजून त्या कपाटातच, गुडघा आपोआप बरा होण्याची वाट बघतायत? मी ठणठणीत आहे. रक्तदाब सोडून. तो आज सकाळी इद्वालच्या गॅरेजात चढला आणि अजून खाली उतरलेला नाही, म्हणून अक्षर वाकडं आलं तर समजून घे. (पेनाने दोनदा कागद फाडलाय. तिसऱ्यांदा फाटला तर तसाच पाठवीन.)

ताई, बाबांची गाडी नापास झाली. हो, तीच, मागे लाकडी चौकटीची, जिच्यातून तू स्वतः लग्नाला गेलीस आणि जिच्यातून येत्या शनिवारी तुझी कॅट्रिन चॅपेलला जायची आहे. आपलं सगळं गाव त्या गाडीला ओळखतं. मेंढ्यासुद्धा तिला बघून रस्ता सोडतात, नव्या गाड्यांना नाही सोडत. साठ वर्षांत ती एकदाही नापास झाली नाही. इद्वाल तिच्याभोवती एक फेरी मारायचा, टायरला लाथ घालायचा, माझ्याबरोबर चहा प्यायचा आणि ‘म्हातारी आपल्या दोघांपेक्षा धडधाकट आहे रे’ म्हणून कागदावर सही ठोकायचा. याला म्हणतात तपासणी!

पण इद्वाल निवृत्त होऊन स्पेनला ऊन खात बसलाय आणि गॅरेज चालवते त्याची मुलगी नेरिस. तुला आठवत नसेल, पण मी शाळेची बस चालवायचो तेव्हा हिला एकदा सीटवर व्हिनेगर घातलेले बटाट्याचे चिप्स सांडल्याबद्दल मी चर्चच्या कोपऱ्यावर उतरवून दिलं होतं. (योग्यच केलं. व्हिनेगरचा वास महिनाभर गेला नाही.) त्या चिप्सचा सूड तिने आज उगवला, हे मी कुठल्याही न्यायाधीशासमोर सांगायला तयार आहे.

तिने चहा विचारला नाही. लाथ मारली नाही. हातात एक छोटी हातोडी घेतली आणि डॉक्टर छाती ठोकून बघतो तशी टक्-टक् करत गाडीभर फिरली. मागच्या खिडकीपाशी थांबली आणि म्हणाली, “ग्विलिमकाका, हे काय उगवलंय?”

“शेवाळ आहे. पावसाळी गाव आहे आपलं.”

“शेवाळ नाही, अळंबी आहे. देठासकट.”

“मग? लोक पैसे मोजून घेतात!”

ती हसली नाही. गाडी वर उचलणाऱ्या लिफ्टवर चढवली आणि खालून पुन्हा टक्-टक्. मग एकदा टक् झालंच नाही, नुसतं फस् झालं. हातोडीचं टोक आत गेलं होतं. मी ओरडलो, की एवढ्या जोराने मारलंस तर चॅपेलची भिंतही पडेल. तिने मुकाट्याने हातोडी खाली ठेवली आणि त्याच जागी बोटाने दाबलं. साध्या बोटाने, ताई. गंजाचा एवढा मोठा पापुद्रा माझ्या टोपीवर पडला.

“मी लिहितेय, धोकादायक,” ती म्हणाली.

आता ऐक, मी इथे का पेटलो. एवढ्या जुन्या गाडीला तपासणीची सक्तीच नाही! चाळीस वर्षं झाली की सरकार म्हणतं, बाबांनो, तुमचं तुम्ही बघा. मी दरवर्षी नेतो ते केवळ बाबा न्यायचे म्हणून, रीत म्हणून. हे मी तिला ठणकावून सांगितलं. तर म्हणते, “आणली नसतीत तर कुणी विचारलं नसतं, काका. पण आता आणलीत आणि मी बघितलंय. रस्त्यावर काढलीत तर पोलीस धरतील.” म्हणजे मी माझ्या पायांनी चालत जाऊन माझ्याच गळ्यात फास अडकवून घेतला! असला कायदा ज्याने केला त्याला आमच्या टेकडीवर फेब्रुवारीत मेंढ्या मोजायला लावलं पाहिजे.

मी म्हटलं, “शनिवारी नवरी न्यायची आहे यातून. मी हळू चालवीन.”

तेव्हा ती म्हणाली, “वर बघा.”

बघितलं. त्या भोकातून पांढरं काहीतरी दिसत होतं. मला आधी कळेना. मग कळलं. मागच्या सीटला मी मागच्या आठवड्यात पांढरं कापड शिवून घातलंय, पार खाली पायांपर्यंत, कॅट्रिनचा झगा मळू नये म्हणून. तेच ते. तिच्या आणि रस्त्याच्या मध्ये तेवढंच होतं.

मी काही बोललो नाही. (नेरिस म्हणते मी बोललो, पण वेल्शमध्ये, आणि ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.) तिने घरी सोडायला गाडी काढली, ती मी नाकारली आणि पावसात चालत आलो. सबंध वाटेने तिला शिव्या घातल्या. पुलापाशी आल्यावर ध्यानात आलं की माझ्या शिव्या केव्हाच इद्वालकडे वळल्यात. तो हलकट दरवर्षी माझा चहा पीत होता आणि खाली वाकून बघत नव्हता! त्याला स्पेनला वेगळं पत्र लिहिणार आहे. त्यात इतकी सभ्यता नसेल.

तुझा संतापलेला भाऊ,
ग्विलिम

ता. क. : कॅट्रिनला गाडीचं सांगू नकोस, मीच सांगेन. नको, तूच सांग. भोकाचं सांगू नकोस. अळंबीचं सांग, ती हसेल.

ता. क. २ : नेरिस आत्ता दारात येऊन गेली. ओलं लाकूड आणि खालचा गंजलेला पत्रा कापून नवं बसवते म्हणाली, उन्हाळ्यापर्यंत होईल. मी दार आपटलं. मग उघडून हो म्हटलं.

ता. क. ३ : हॉवेलभावजी गेल्यावर, जानेवारीत, तू मला विचारलं होतंस की त्यांच्या जागी, बापाच्या नात्याने, कॅट्रिनचा हात धरून तिला चॅपेलमध्ये नेशील का. मी म्हटलं, नाही, मी गाडी चालवीन. कारण गाडी चालवणाऱ्याचं तोंड समोरच्या काचेकडे असतं, ताई, आणि ते कुणाला दिसत नाही. आता गाडी नाही. मी बसने तुझ्याकडे येईन. तुझ्या दारापासून तिथलं चॅपेल किती लांब, ते मी जाणतो. चालत जाता येईल आणि छत्री माझ्याकडे मोठी आहे. ती जागा अजून रिकामी असली तर उलट टपाली कळव. दुसऱ्या कुणाला दिली असशील तर त्याचं नाव-पत्ता कळव. मी त्याच्याशी बोलून घेतो.