सहीची जागा

बाबा,

रविवार, तेरा तारीख, दुपारचे तीन वाजून पस्तीस मिनिटं. पडद्यावरच्या बापाने मुलीला "जा, तुझं आयुष्य तुझं आहे" असं म्हटलं आणि अख्ख्या थिएटरने टाळ्या वाजवल्या. टाळ्या बापाला. दोन तास या बाईचं स्वातंत्र्य दाखवत होते म्हणे. तिला मोटारसायकल चालवता येते, केस भादरता येतात, चारचौघांत सिगरेट ओढता येते. "मी निघाले" एवढं एक वाक्य येत नाही. ते बापाने म्हणायचं, अंगणात रेडिओ दुरुस्त करता करता. मग ही त्याच्या पाया पडणार, आणि याला म्हणायचं बाईच्या निवडीचा सिनेमा.

शेजारी तुमची नात होती, धाकटीची मुलगी. डोळे पुसत म्हणाली, "मावशी, असे बाबा पाहिजेत." तिला पुण्यात नोकरी लागली आहे. जाणार का, विचारलं. निर्णय तिचाच आहे, फक्त तिच्या बाबांनी हो म्हणायचं बाकी आहे.

मला आपलं स्वयंपाकघर दिसलं. आई पोळ्या लाटते आहे, तुम्ही पाटावर, आणि मी कोराडीच्या वीज केंद्राचा फॉर्म पुढे धरून उभी. कोळसा तपासायच्या प्रयोगशाळेत जागा होती. रसायनशास्त्राची पदवी हवी होती, ती माझ्याकडे होती. कचेरीत एक तारीख राहिली तरी लोकांचे अर्ज परत करणारे तुम्ही. चष्मा लावून दोन्ही बाजू वाचल्यात, घडी घातलीत आणि म्हणालात, "राख खायले जाशीन काय तिथं? शाळेत लाग." आई म्हणाली, "जाऊ द्या ना, बस जाते तिथवर." तुम्ही तिच्याकडे न बघता वरण मागितलंत. मी शाळेत लागले, आणि निवृत्त होईपर्यंत दुसऱ्यांच्या मुलींना कोळशाचे प्रकार शिकवले.

त्या फॉर्मवर वडिलांच्या सहीची जागाच नव्हती. कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी आम्हाला शिकवलं होतं, फॉर्म आधी शेवटपर्यंत वाचायचा, मग पेन उघडायचं. मी वाचला होता. तरी तुमच्यापुढे धरला. आणि रविवारी त्या बापाच्या "जा"वर माझ्याही हातून टाळी वाजली.

हे पत्र कपाटातच राहणार आहे. तरीही या तीस तारखेच्या आत लेखी कळवा: सहीची जागा नाही, हे तुम्हाला दिसलं होतं का?