चौथी हाक

२१ मे, शनिवार

एवढे महिने या वहीला तोंड दाखवलं नाही, त्याबद्दल क्षमा. शाळेतली नोकरी सुटल्यापासून लिहिण्यासारखं काही नव्हतं. आता आहे. शहराच्या जुन्या दफनभूमीचा व्यवस्थापक म्हणून काल रुजू झालो. फाटकाला लागून छोटं घर, मागे अंगण, बायकोला, डेलाला, कपडे वाळत घालायला दोरी, आणि दोरीपलीकडच्या टेकडीवर यादवी युद्धातल्या सैनिकांचे ठेंगणे पांढरे दगड. खाली ओहायो नदी. डेला म्हणाली, शेजारी बरे आहेत, भांडायला तरी येणार नाहीत.

माजी सैनिकांचे म्होरके स्टब्ज भेटायला आले. कोरियात लढलेले, जीभ तिखट. मी इतिहास शिकवायचो हे कळल्यापासून मला ‘मास्तर’च म्हणतात. स्मृतिदिनाला प्रत्येक दगडापुढे बूटभर अंतर सोडून निशाण रोवायचं, आणि बूट पॉलिश केलेलाच हवा, हे त्यांनी बजावलं. मग हजेरी. प्रत्येक नाव तीनदा पुकारायचं. उत्तर येत नाही. पुढचं नाव. यंदा पुकारायचा मान त्यांनी मला दिला. फार बरं वाटलं.

३० मे, सोमवार

स्मृतिदिनाची हजेरी छान चालली होती. एझ्रा पोमरॉयच्या वेळी नदीवरून वारा सुटला, माईक खरखरला. तिसरी हाक लोकांपर्यंत पोचली की नाही, कळेना. त्याच्यावर अन्याय नको म्हणून पुन्हा पुकारलं.

टेकडीवरून कुणीतरी म्हणालं, ‘हजर.’

लोक हसले. कुणा टारगटाचं काम, असं मलाही वाटलं. स्टब्ज तेवढे हसले नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले, “मास्तर, तीन हाका निरोपाच्या. चौथी हुकमाची असते. वर्गातलं पाठांतर वाटलं का, पुन्हा पुन्हा म्हणायला?”

३१ मे

पोमरॉयच्या दगडापुढची माती खचली आहे. पावसाने असेल, असं लिहिणार होतो. पाऊस झालेला नाही.

त्याचं निशाण सापडलं. आमच्या मागच्या दारापुढे रोवलेलं. बूट लावून पाहिला. बरोबर बूटभर.

२ जून

डेलाने विचारलं, भरदुपारी टेकडीवरून हाका कसल्या मारत होतास? तेही पूर्ण नावाने, ‘डेला टिलॉट्सन’, शाळेतल्यासारखं! नळ सोडला होता, म्हणून तिने ओ दिली नाही. मी दुपारभर शहरात होतो.

स्टब्जना गाठलं. म्हणाले, तुझ्या चौथ्या हाकेने पोमरॉय उठला, तुकडीत एक जागा रिकामी झाली, ती निशाण रोवलंय त्या घरातून भरून घेणारच. बायकोने ओ दिली तर ती गेली. तिन्ही हाकांना नाही दिली, तर हजेरीला उत्तर न देणारे कोण असतात, ते सोमवारी तूच वाचून दाखवलंस. गाव सोडू का, असं विचारलं. ते म्हणाले, सैन्याला चालायचं वावडं असतं का, मास्तर?

मग माझ्याकडे न बघता एक आठवण सांगितली. कोरियात त्यांचा मित्र प्रुइट झोपून राहिला की त्याच्या नावाला तेच ‘हजर’ म्हणायचे. मग त्याचा पहाराही त्यांनाच करावा लागे.

३ जून

दुसरी हाक. मीही ऐकली. माझाच आवाज. डेलाच्या तोंडात कपड्यांचे चिमटे होते, म्हणून वाचली. चिमटे काढून हसायला लागली — तू इथे, आवाज तिथे, कसं जमवतोस रे?

तिला सांगावं का? भुताला हसून मुद्दाम ओ देणारी बाई आहे ती.

४ जून

चूक माझी. न्यायाच्या हौसेने केलेली, पण चूकच. तिने का भरावी —

तिसरी. आत्ताच. तिने टोपली खाली ठेवली, तोंड उघडलं —

मी आधी म्हणालो. मोठ्याने. तिच्या नावाला. हजर.

टेकडी गप्प. डेला दोरीशी हसतेय, तुला कुणी विचारलं होतं रे?

दारापुढचं निशाण गेलं. इथे आहे. माझ्या खुर्चीपुढे, फरशीत — बूटभर —

उद्या : बुटांना पॉलिश