कुंपणापलीकडचं गंगाफळ

वरवट बकाल
२ एप्रिल २०२६

चि. छकुलीस,
दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

शिडी अजून भिंतीलाच आहे. आत्ताच खाली उतरलो. आढ्याचं शिंकं रिकामं आहे. गंगाफळ नाही.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, लावायला तू आत्याचं बी मागितलंस, म्हणून वर चढलो होतो. दर वर्षी सगळ्यात मोठा लाल भोपळा ती बियाण्यासाठी राखायची आणि त्याला लुगड्याची लाल चिंधी बांधायची. चिंधी तेवढी शिंक्यात पडली आहे. तुझ्या वहिनीला, पुष्पांजलीला विचारलं. ती म्हणाली की आत्याच्या तेरवीला तुम्हीच तर कापलं.

तेव्हा आठवलं. अख्ख्या गंगाफळाला बाईनं पहिला सुरा लावायचा नाही, म्हणून आचाऱ्यानं मला हाक मारली होती. मी एका घावात दोन फाका केल्या. लोकांनी वाहवा केली. पंगतीत सगळ्यांनी ती भाजी पुन्हा मागून घेतली. तूही घेतलीस. बिया म्हशीनं खाल्ल्या.

फोनवर तुझा आवाज ऐकायचं धाडस नाही. हे पत्र फाडलंस तरी लोभ तेवढा सलग ठेव.

तुझा,
भागवत


देऊळगाव राजा
७ एप्रिल

ती. दादास,
छकुलीचा शि. सा. नमस्कार, या वेळी थोडा रागानं. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते. पहिल्या दिवशी रडले. दुसऱ्या दिवशी हसू आलं. आत्याच्या तेरवीला आपण आत्याचंच बियाणं वाढून वाढून खाल्लं, आणि वर मी भाजी गोड झाली म्हणाले.

गोजरआत्या एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन सुलतानपूरहून माहेरी आली, तेव्हा पदराच्या गाठीत या बिया तेवढ्या होत्या. सासरच्यांनी बाकी काही आणू दिलं नाही. आई गेल्यावर तिनं आपल्याला त्याच वेलाखाली वाढवलं. फळ पिकलं का ते बोटानं वाजवून बघायची, मग आपली डोकी वाजवायची. तुझं अजून कच्चं आहे म्हणायची. ती चुकत नव्हती. वाकड्या फळाला, ज्याच्यावर रुसली असेल त्याचं नाव द्यायची. एका वर्षी सगळेच भागवत होते.

आता ऐक. वेल दर वर्षी कुंपण चढून उकंडरावांच्या अंगणात उतरायचा. त्यांच्या बकरीनं तो खाल्ला तेव्हापासून आत्याचं त्यांच्याशी बोलणं बंद. पण तिकडची फळं तिनं कधी परत मागितली नाहीत. जाऊन विचार. तुला लाज वाटेल. वाटू दे. ते बी गेलं, तर तिच्या हातचं काहीच उरणार नाही.

वहिनीला नमस्कार. लोभ आहे, बी मिळालं तर वाढेल.

तुझी,
छकुली


वरवट बकाल
१८ एप्रिल

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

चार दिवस टाळलं, मग गेलो. उकंडराव बाजेवर बसले होते. म्हणाले की तुह्या आत्यानं मले बियाणं कधी देल्लं नाही, शिव्या देल्ल्या. अन् बोलणं बंद म्हणून त्याही कुंपणाकडे तोंड करून. मग उठून मला आत नेलं. आढ्याला एक गंगाफळ टांगलेलं होतं. काऊन नाही खाल्लं विचारलं, तर म्हणाले की ती गेली, मग कापू वाटलं नाही.

मी हात पुढे केला. त्यांनी तो धरून ठेवला. तुह्या हाती सुरी आली की बियाणं उरत नाही, साऱ्या गावानं खाऊन पाह्यलं, असं म्हणाले. द्यायचं तर पोरीलेच देईन, म्हणाले, आणि तुझा पत्ता लिहून घेतला.

आज पाहतो तर त्यांच्या दाराला कुलूप. बकरी आमच्या अंगणात बांधलेली, निरोप नाही. पुष्पांजलीची मेथी तिनं फस्त केली आहे. काही कळलं तर कळव. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
भागवत


देऊळगाव राजा
१८ एप्रिल, संध्याकाळ

ती. दादास,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

फोनवर तू मध्येच बोलतोस, म्हणून पत्र. दिवे लागायच्या वेळी उकंडराव दारात उभे. छातीशी घोंगडीत गुंडाळलेलं गंगाफळ. बुलढाण्याला गाडी बदलताना एका बाईनं नातवंड समजून बसायला जागा दिली. त्यांनी तिचा समज तसाच राहू दिला.

रीत म्हणून आमच्या यांनी पहिल्या सुऱ्यासाठी हात पुढे केला. उकंडरावांनी अडवलं. म्हणाले की गोजरबाई कोणासाठी थांबली नाही, स्वतःच कापायची, कुंपणातून मले सारं दिसे. पोरी, तू काप. मी आधी बोटानं वाजवून पाहिलं. पक्कं वाजलं. मग कापलं. बिया टपोऱ्या, भरलेल्या आहेत. ताटात राख पसरून त्यावर ठेवल्या आहेत. भाजी चुलीवर आहे. उकंडरावांनी आत्तापासूनच तिखट कमी पडलं असं सांगून ठेवलं आहे.

आता रागही नाही. मी जशी आहे तशी आठवणीत असू दे.

तुझी,
छकुली

ता. क. आज आखाजी, सकाळ. नळाशेजारी आळं करून बिया लावल्या. उकंडराव पहिल्या गाडीनं निघाले. निम्म्या बिया रुमालाच्या गाठीत बांधून नेल्या आहेत. कुंपणालगत, त्यांच्या बाजूनं लावणार. बकरी बांधूनच ठेव.