फळ्यावरची शेवटची पायरी

बाई,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी या आठवड्यात मला तुमचा राग आला. कारण सांगते.

इथे परदेशात, नोव्हाय गावात, आमच्या मराठी मंडळाची साइट मी सांभाळते. नाटकाचं तिकीट काढताना खुर्च्यांचा नकाशा दाखवणारा, साइटला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, म्हणजे प्लगइनही मीच लिहिला. निवृत्तीनंतर माझं म्हणावं असं तेवढंच काम उरलं आहे. साइट नव्या सर्व्हरवर हलवली आणि नकाशा उघडेना. आमच्या सेक्रेटरीचा ऑफिसातून फोन आला.

"काकू, सीटिंग लोडच होत नाहीये यार. सॉरी, म्हणजे काकू. लोक मला फोन करतायत."

"ब्राउझर बदलून बघ."

"सगळे बदलले. ॲन आर्बरच्या काकूंना विचारू? त्या म्हणतात पाच मिनिटांचं काम आहे. आणि पुढे साइट त्यांच्याकडेच दिली तर? तुम्हाला उगाच लोड नको."

ॲन आर्बरच्या काकू म्हणजे ती. माझ्या वर्गातली, तुमची ती. मुलीजवळ राहायला आली आणि महिन्याभरात कमिटीवर गेली. मी म्हटलं, विचार.

तिला पाच मिनिटंही लागली नाहीत. मी स्क्रिप्टचा पत्ता अख्खा हाताने लिहून ठेवला होता: ही साइट, तिच्यातला हा फोल्डर, त्यात माझी फाइल. साइट हलताना एक फोल्डर आत सरकली आणि माझा पत्ता जुन्याच दारावर टकटक करत बसला. खरं तर प्लगइनचा फोल्डर सध्या कुठे आहे हे सिस्टीमलाच विचारायचं आणि ती सांगेल त्यापुढे फाइलचं नाव जोडायचं. मग साइट कितीही वेळा हलवा. "अगं, एवढंच होतं," ती फोनवर म्हणाली. "तू पत्ता पाठ करून ठेवला होतास."

हे बोलणं तुमचं आहे, बाई. मी शाळेत फळ्यापाशी उभी आहे, सिद्धता मला तोंडपाठ आहे. तुम्ही त्रिकोणाची अक्षरं पुसता, दुसरी लिहिता, आणि मी अडते. "अक्षरं बदलली की हिचं गणित पळून जातं," तुम्ही म्हणता आणि वर्ग हसतो. मग तुमची नेहमीची पद्धत: उदाहरण सोडवत आणायचं, शेवटची पायरी रिकामी ठेवायची आणि खडू कुणाच्या तरी हातात द्यायचा. कुणाच्या तरी म्हणजे तिच्या. एका रविवारी पुस्तक परत करायला तुमच्या घरी आले, तर ती तुमच्या स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती आणि तुम्ही दोघी कशाला तरी हसत होता. "ये, बैस," तुम्ही म्हणालात. मी बसले, पण सुपातल्या शेंगा संपल्या होत्या.

आज सकाळी तिने केलेले सगळे बदल मी ओळ न् ओळ तपासले. कुठे तरी चुकली असेल, या आशेने. सापडलं. तिकीट छापायच्या स्क्रिप्टपाशी माझा जुना पत्ता तसाच होता. फार बरं वाटलं. मग वर तिने लिहिलेली टीप दिसली: "ही तुझ्यासाठी ठेवली आहे." सेक्रेटरीला विचारलं, तेव्हा कळलं की साइट माझ्याकडेच राहू दे, असंही तिने कमिटीला सांगून टाकलंय. म्हणजे माझं कामही आता तिने दिलेलं. तुमची सवयसुद्धा तिनेच उचलली, मला ती उचलायचं सुचलं नाही.

ओळ दुरुस्त केली. तिकीट छापून पाहिलं, नीट आलं. तिला फोन केला नाही.

तुमचा पत्ता मला अजून पाठ आहे, पिनकोडसकट. तिथे आता तुमचं कुणी राहत नाही, तेव्हा हे पाकिटात घालत नाही. एवढंच, बाई, की तो खडू मला हवा होता. आज तिच्या हातून मिळाला तरी मी तो घेतला.