झाशीच्या म्हशीवर दतियाची जकात

झाशी, सीपरी बाजार
डिसेंबर १९४९

तीर्थरूप अण्णा,

इंदूने वाकून केलेला नमस्कार पोचावा. आम्ही बरी आहोत. बाळाचा ताप उतरला, फक्त अंग धरत नाही. डॉक्टर म्हणाले, घरचे दूध द्या. म्हणून आम्ही म्हैस पाहायला गेलो.

इथल्या म्हशी विकणाऱ्या लालासारखा निलाजरा माणूस मी पाहिला नाही. हद्दीपलीकडच्या दतियाहून आणलेल्या म्हशीवर नाक्यावर जकात पडते, म्हणून ती इकडे महाग. एवढे मलाही कळते. पण हा स्वतःच्या गोठ्यात जन्मलेल्या म्हशीवरही जकात चढवतो! मी विचारले, "भैया, ही नाक्यावर कधी गेली होती?" तर दात काढून म्हणतो, "बहनजी, भाव तो सबका एक है."

तुमचे जावई म्हणाले, "घेऊन टाकू." असले मिळमिळीत बोलणे! मी तशीच उठले.

काल आम्ही दतियाहून म्हैस आणली. जकात भरूनही लालापेक्षा स्वस्त पडली, एवढा तो लुटारू. पण वाटेत ती बिथरली, आणि रेडकू लावले तरी पान्हा सोडत नाही. लाला येताजाता आमच्या गोठ्यात डोकावून हसतो. हसेना का मेला.

अण्णा, अशा म्हशीला तुम्ही काय करता, ते लगेच कळवा. आईला सांगू नका. बाळ सकाळपासून वाटी घेऊन गोठ्याच्या दारात बसला आहे.

तुमची,
इंदू