टाचेचं तिरकं अक्षर

४ मार्च
जमलं! जाड, तिरकं, अन् प्रत्येक कान्याच्या बुडाला टोकदार टाच. वरची रेघ मात्र सपाट, न्हाईतर शब्द घसरतो. आबांना 'पाणी' लिहून दाखवलं. म्हणाले, "पिऊन आलंय का काय हे?" जन्मभर उभ्या अक्षराचे बोर्ड रंगवले बापानं. नवा जिल्हा झालाय, 'जि. उस्मानाबाद' पुसून 'जि. लातूर' लिहायचंय सगळीकडं. त्या पाट्या माझ्याच अक्षरात लागणार. बघा म्हणावं.

९ मार्च
पाणीटंचाईच्या हापिसातल्या साहेबांनी नमुन्याला एक टँकर दिला. पसंत पडलं तर जिल्ह्याच्या कामाला शब्द टाकतो म्हणले. ड्रायव्हरच्या अंगाला, म्हंजे उजव्या बाजूला, 'पिण्याचे पाणी' लिहिलं. उभा टँकर पळायलाय असं वाटतं. लई खूश.

१० मार्च
फजिती. आज दुसऱ्या बाजूला, क्लीनरच्या अंगाला, तेच लिहिलं. अक्षर झुकतं उजवीकडं, अन् त्या अंगानं इंजिन डावीकडं! ड्रायव्हर मुनीरभाई: "क्या पेंटर, आधा टँकर निलंगे को जारा, आधा वापस आरा." आबा हसून हसून खोकले. सगळं पुसलं. ते अंग डावीकडं झुकवून, टाचा उलट्या बसवून परत लिहिलं. हात ऐकत नव्हता. ऐकायला लावला.

२१ मार्च
मुनीरभाई सांगत होते, निलंग्याकडल्या वाडीत बायांना वाचता येत न्हाई, पण धुरळ्यातूनच टँकर वळखतात. "तिरकं आलं!" म्हणत घागरी घेऊन निघतात. आबांना दोनदा सांगितलं. ऐकू न आल्यासारखं केलं त्यांनी.

२ एप्रिल
लॉज, टेलर, कापडवाला, समद्यांना तेच पायजे. आज एका शेठचा रॉकेलचा टँकर केला. एक नंबर! जयंतीच्या कमानीला मात्र आबांनी हात लावू दिला न्हाई. "तिथं उभंच राहील." बरं बाबा.

९ एप्रिल
शेठचा टँकर त्या वाडीपाशी चहाला थांबला. बाया उन्हातून पळत आल्या. ड्रायव्हर ओरडतोय, ऐकतंय कोण? एकीनं मागची तोटी फिरवली. घागरभर रॉकेल. मातीची घागर, आता त्यात पाणी भरता येणार न्हाई. मुनीरभाईंनी सांगितलं. मला जेवण गेलं न्हाई. वाईट वाटलं, लई वाईट.

१० एप्रिल
शेठच्या टँकरवर उभं साधं लिहून आलो. शेठ भडकला. भडकू दे. अक्षर चांगलंच हाय, त्यात वाद न्हाई, म्हणून तर बाया धावल्या.

१२ एप्रिल
साहेबांचा निरोप. पसंत! पाट्या सगळ्या मला. पाट्यांचं ठीक, त्या जागच्या हालत न्हाईत. पण आधी हापिसच्या जीपा करायच्या म्हणे, एकूणएक, त्याच अक्षरात. जीपा वाड्यावाड्यांना फिरणार, तशाच धुरळ्यात. जीपा नको म्हणलं तर पाट्या बी जातील.
आबांना विचारलं. म्हणाले, "अक्षर तुझंय. तूच सांग त्यांला."
उद्या सकाळी बोलावलंय. जायचं तर हायेच. गेल्यावर आधी त्या घागरीचं सांगतो, मग जीपांचं.