मेहुण्याला धीर देण्याचं काम

१५ जून, रविवार

उपासनेनंतर पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, तुमच्या मेहुण्याला जरा धीर द्या. त्याची दारू सुटली होती, मार्चमध्ये पुन्हा घसरला, तेव्हापासून चर्चची पायरी चढलेला नाही. स्वतःला नालायक समजतो. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन आहे, भाकर आणि प्याला घ्यायला त्याला यावंसं वाटलं पाहिजे.

एवढ्या मोठ्या मंडळीत मलाच का, हे मी विचारलं नाही. उघड आहे. घरी बायको म्हणाली, तुम्ही त्याचे भाऊजी आहात म्हणून. तिला खोलात शिरायची सवय नाही.

१७ जून, मंगळवार, सकाळी

संकल्प: आधी आपण आदर्श व्हायचं, मग बोलायचं. पाचला उठून प्रार्थना. राग नाही, निंदा नाही, खोटं नाही.

अलार्म वाजला. बायकोने बंद केला असावा. ती म्हणते तुम्हीच केलात, वर माझ्यावर खेकसलात. झोपेतला राग धरत नाहीत.

२० जून, शुक्रवार

मेहुण्याकडे गेलो. माणूस लिफ्ट दुरुस्त करतो आणि राहतो बिनलिफ्टच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. वर पोचेपर्यंत बोलायची सोय उरली नव्हती. त्याने पाणी दिलं, चहा केला.

मग मी बोललो. माझी शिस्त सांगितली. पाचला उठतो म्हणालो. (उद्यापासून उठणारच आहे, तेव्हा खोटं नाही.) तो मान खाली घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, भाऊजी, तुमच्यासारखं मला या जन्मात जमायचं नाही, म्हणूनच मी येत नाही.

ऐकून फार बरं वाटलं.

२२ जून, रविवार

पाळकसाहेबांनी विचारलं, कसं चाललंय? उत्तम, म्हणालो.

उपदेश गर्वावर होता. पूर्ण वेळ पुढच्या बाकावरच्या खजिनदाराकडे बघत होतो. शब्दन् शब्द त्याला लागू. तो पेंगत होता. ही निंदा नाही, निरीक्षण आहे.

२५ जून, बुधवार

दुकानात फोनवरून मेहुण्याला सहनशीलता समजावत होतो. तेवढ्यात इस्त्री एका गिऱ्हाइकाच्या कोटावर राहिली. कॉलरवर तपकिरी डाग. आमचं ड्रायक्लीनिंगचं दुकान, डाग काढणं हा धंदा. लावणं नव्हे.

गिऱ्हाइकाला म्हणालो, हा आधीपासूनच होता. वाद वाढला तेव्हा कापडच भिकार आहे असंही म्हणालो. मेहुण्याचा फोन चालू राहिला होता, हे नंतर लक्षात आलं. त्याने काही ऐकलं नसावं. दुकानात मशीनचा आवाज फार असतो.

२८ जून, शनिवार

पुन्हा ते जिने. मेहुणा म्हणाला, एप्रिलपासून थेंबाला शिवलो नाही, पण पुन्हा घसरेन अशी भीती वाटते. मी म्हणालो, तेवढ्याने भागत नाही, मन आतून स्वच्छ हवं. पांढऱ्या शर्टावर बारीक डागही उठून दिसतो. तो म्हणाला, मग मी चर्चला यायचा थांबतोच.

विचार करायला लागलाय. प्रगती आहे. घरी हे सांगितलं तर बायको स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून नुसतीच उभी राहिली. एकही भांडं घासायचं नव्हतं.

२ जुलै, बुधवार

मेहुण्याने माझ्या बायकोला फोनवर कळवलं, रविवारी माझी वाट बघू नकोस, तिथे माझ्यासारख्याला जागा नाही. फोन ठेवून ती म्हणाली, तुम्हाला धीर द्यायला पाठवलं होतं, परीक्षा घ्यायला नाही. त्यानंतर बोलणं बंद.

मी शांत राहिलो. ताट जोरात आदळलं, पण ते निसटलं.

५ जुलै, शनिवार

आज दिवसभर एकदाही रागावलो नाही. एकदाही. दुकान बंद होतं आणि बायको भावाकडे गेली होती, पण म्हणून काय झालं. उद्या वेदीपाशी जाताना माझा चेहराच साक्ष देईल.

६ जुलै, रविवार, दुपारी

चर्चच्या आवारात माझ्या नेहमीच्या जागी खजिनदाराची स्कूटर. मी नम्रपणे सांगितलं. तो हसला. म्हणाला, जागेवर नाव लिहिलंय का? पुढे मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. ढोंगी हा त्यातला सगळ्यात सौम्य शब्द. रविवारच्या शाळेची मुलं बघायला बाहेर आली. बायको मान खाली घालून एकटीच आत गेली.

प्रभुभोजनाआधी पाळकसाहेब म्हणाले, कोणाशी वाकडं असेल तर आधी समेट करा. एकेक बाक उठून पुढे जायला लागला. आमचा उठला तेव्हा मी बसून राहिलो आणि लोकांना वाट द्यायला गुडघे आत ओढून घेतले. सगळे बघत होते. लाज वाटली. खरोखर वाटली. कारण द्यायला काहीच सुचत नव्हतं.

शेजारी कोणीतरी येऊन टेकलं. मेहुणा. हळूच म्हणाला, गेटबाहेर उभा होतो, परत फिरणारच होतो, तेवढ्यात तुमचा आवाज ऐकला. म्हटलं, देवाला हे चालतात तर आपणही चालू.

मी म्हणालो, मी आज जात नाही, माझी लायकी नाही. तो म्हणाला, माझीही नाही, चला. आणि कोपराला धरून मला उठवलं. वाटेत खजिनदार परत येताना भेटला. त्याच्यासमोर थांबून चुकलो म्हणालो. तो म्हणाला, माझंही चुकलं, पण आधी पुढे व्हा, रांग खोळंबलीय. आम्ही दोघांनी शेजारीशेजारी गुडघे टेकले. प्याला आधी मेहुण्याने घेतला. मग मी.

बाहेर पाळकसाहेबांनी त्याला मिठी मारली आणि मला म्हणाले, तुमच्या बोलण्याचा उपयोग झाला. मेहुणा म्हणाला, बोलण्याचा नाही हो, भांडणाचा. बायको हसली. बुधवारनंतर पहिल्यांदाच.

पाळकसाहेबांनी आणखी एक घर सुचवलं, तिथलाही एकजण असाच खचलाय. मी म्हणालो, मला नको, मेहुण्याला पाठवा. मेहुणा म्हणाला, जातो, पण भाऊजी बरोबर हवेत. त्यांना बघून माणसाला धीर येतो.